बसविलेला दात आणि ज्याचे त्याचे तोंड



‘दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण आपण सारेच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. निवृत्तिवेतन सुरू होते, मुले मिळवती होतात, घरात चणेच काय पण काजू-बदामही येऊ लागतात, आणि नेमक्या त्याच सुमारास दाढा एकेक करून निरोप घेऊ लागतात. अलीकडे ह्या म्हणीचा उत्तरार्ध खोटा पाडण्याची सोय झाली आहे. जबड्याच्या हाडात टायटॅनियम नावाच्या धातूचा एक लहानसा स्क्रू बसवावयाचा, तीनचार महिने तो हाडाशी एकजीव होऊ द्यावयाचा आणि मग त्यावर दाताची टोपी चढवावयाची. ह्याला दंतारोपण म्हणतात. बोलताना सारे ‘इम्प्लांट’ म्हणतात. मीही तोच शब्द वापरीन. मडगाव असो की बेळगाव, दंतवैद्यांच्या पाट्यांवर हा शब्द आता ठळक अक्षरांत दिसतो.

मी दंतवैद्य नाही. मुलांना मराठीचे व्याकरण शिकविणारा शाळामास्तर आहे. ह्या विषयाकडे मी वळलो तो माझ्या मामांच्या एका दाढेमुळे. मामा मडगावला असतात. नोकरीतून निवृत्त झाल्यावर हाती आलेल्या रकमेतून त्यांनी खालच्या जबड्यात उजव्या बाजूला दोन दाढा बसवून घेतल्या. दोन्ही मिळून सत्तर हजारांच्या घरात खर्च आला. बसविणाऱ्या डॉक्टरांचा हात चांगला होता. हाडाने स्क्रू धरले, टोप्या नीट बसल्या, आणि मामा सुपारी सोडून सारे काही चावू लागले. पाच वर्षे अशी गेली. मग एका सकाळी चहात बुडविलेला पाव खाताना, म्हणजे ज्याला दातांची गरजही नाही असा घास घेताना, त्यांतली एक दाढ टोपी-स्क्रूसकट त्यांच्या हातात आली.

मी सुटीत गेलो तेव्हा त्यांनी ती रुमालात गुंडाळून ठेवलेली मला दाखविली. मी विचारले, “मामा, इतके होईपर्यंत तुम्हाला दुखले कसे नाही?”

ते म्हणाले, “अरे, दुखले असते तर डॉक्टरांकडे गेलोच असतो की! ह्या दाताला कीड लागत नाही, ह्याला ठणका लागत नाही. मग ह्याची उस्तवार कशाला करायची, असे मला वाटले.”

मामांचे दोन्ही मुद्दे खरे होते आणि त्यांतून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा होता. हे असे का, ते समजून घेण्यासाठी मी पुढे दोघा-तिघा दंतवैद्यांना प्रश्न विचारून सतावले आणि मिळेल ते वाचले. त्यांतले जे पक्के समजले तेवढेच आज सांगणार आहे.

प्रथम त्या धातूविषयी. स्वीडनमधील लुंड येथे १९५२ साली पेर-इंग्वार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. त्यासाठी सशाच्या पायाच्या हाडात त्यांनी टायटॅनियमचे एक बारीक निरीक्षण-यंत्र बसविले. काम संपल्यावर ते काढावयास गेले तर निघेना. हाड त्या धातूला इतके चिकटून वाढले होते की दोहोंमध्ये फटच उरली नव्हती. दुसऱ्या एखाद्याने ‘यंत्र वाया गेले’ म्हणून कपाळाला हात लावला असता. ब्रोनेमार्क यांनी त्यावर पुढची बारातेरा वर्षे काम केले आणि १९६५ साली गोथेनबर्ग येथे पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसविले. तो रुग्ण २००६ साली वारला. तोपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, त्याचे ते दात चालू होते. तेव्हा धातू टिकतो की नाही हा प्रश्न राहिलेलाच नाही. स्क्रू क्वचित मोडतो, टोपी कधी सैल होते, परंतु बहुधा बिघडते ते धातूच्या आजूबाजूचे.

योगायोग असा की त्याच १९६५ साली शेजारच्या डेन्मार्कमध्ये, ऑर्हूस येथे, हॅराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अगदी साधा प्रयोग प्रसिद्ध केला. हिरड्या निरोगी असलेल्या बारा जणांना त्यांनी दात घासणे बंद करावयास सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू करताच सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. दातावर साचणारा तो पांढुरका, बुळबुळीत लेप, ज्यात जंतूंची वसाहत असते, तोच हिरडीच्या आजाराचे मूळ, हे इतक्या सरळपणे त्यापूर्वी कोणी दाखविले नव्हते. पुढे हाच प्रयोग इम्प्लांट बसविलेल्या लोकांवरही झाला. तीन आठवडे न घासल्यावर त्यांच्याही हिरड्या सुजल्या. त्यात नवल नाही. नवल पुढेच आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अशा एका प्रयोगात घासणे सुरू करून तीन आठवडे झाले तरी इम्प्लांटभोवतीची हिरडी पुरती मूळ स्थितीला आलेली नव्हती. तोंड तेच, घासणारा हात तोच, तरीही बसविलेल्या दाताभोवतीची सूज हटण्यास अधिक वेळ लागला.

ह्याचे कारण रचनेत आहे. आपला निसर्गदत्त दात हाडात ठोकलेला नसतो. तो अक्षरशः टांगलेला असतो. मुळाचा पृष्ठभाग आणि भोवतालचे हाड ह्यांच्यामध्ये पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा एक तंतूंचा थर असतो, आणि तंबूच्या दोरांप्रमाणे ते तंतू एका बाजूने मुळात व दुसऱ्या बाजूने हाडात रुतलेले असतात. हिरडीचे तंतूही तसेच दाताच्या मानेत रुजलेले असतात. त्यामुळे बाहेरून आत शिरू पाहणाऱ्या जंतूंना तेथे एक विणलेला बांध आडवा येतो. ह्याच थरातून रक्त येते, ह्याच थरात संवेदना असते. भातात खडा आला की आपण क्षणात थबकतो ते ह्या थरामुळे. स्क्रूभोवती असा थर नसतो. हाड थेट धातूला भिडलेले असते, आणि वर हिरडीचे तंतू धातूत न रुजता त्याच्या कडेने नुसते वेढा घालून राहतात. सदऱ्याची कॉलर गळ्याला घट्ट बसली तरी गळ्याला शिवलेली नसते, तसेच हे. रक्ताचा पुरवठा कमी, बांध कच्चा आणि पहारेकरीही गैरहजर! जंतू आत उतरले तर हाडापर्यंतची वाट मोकळी, आणि घरमालकाला दुखून सांगणारे कोणी नाही.

म्हणून ह्या दाताचे दुखणे दोन पायऱ्यांनी येते. पहिलीत केवळ हिरडी सुजते. ती लाल दिसते आणि ब्रश लागला की रक्त येते. ह्या पायरीवर स्वच्छता केली तर सारे मागे फिरते. दुसऱ्या पायरीत भोवतीचे हाड झिजू लागते, आणि गेलेले हाड परत आणणे ही कठीण गोष्ट आहे. शस्त्रक्रिया करतात, पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करतात, परंतु यशाची हमी कोणी प्रामाणिक डॉक्टर देत नाही. २०१५ साली अनेक पाहण्या एकत्र करून काढलेल्या सरासरीनुसार इम्प्लांट बसविलेल्या शंभर माणसांत सुमारे ४३ जणांना पहिल्या पायरीची आणि २२ जणांना दुसऱ्या पायरीची बाधा आढळली. निरनिराळ्या पाहण्यांत हे आकडे पुष्कळ खालीवर होतात हे खरे. तरीपण पाटीवरच्या जाहिरातीत ते कोठेच नसतात, हेही तितकेच खरे.

ब्राझीलमधील एक पाहणी मला ह्याहून बोलकी वाटते. पहिल्या पायरीची बाधा असलेल्या ऐंशी लोकांवर तेथे पाच वर्षे लक्ष ठेविले होते. जे ह्या काळात नेमाने तपासणीस व सफाईस गेले त्यांच्यापैकी शेकडा १८ जणांचे दुखणे हाडापर्यंत पोहोचले. जे गेले नाहीत त्यांच्यात हेच प्रमाण शेकडा ४४ च्या जवळ होते. २०१२ साली हे प्रसिद्ध झाले. माझ्या मामांना सहा महिन्यांनी येण्याचे कार्ड डॉक्टरांनी दिले होते. ते कार्ड मला त्यांच्या कपाटात जसेच्या तसे, दुमड न पडलेले, सापडले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मूळचा दात का गेला, हा प्रश्न नवा दात बसविताना फारसे कोणी विचारीत नाही. अपघातात पडला असेल तर गोष्ट वेगळी. पण चाळिशी-पन्नाशीनंतर गेलेले पुष्कळसे दात हिरडीच्या जुन्या आजाराने, भोवतीचे हाड खचून गेलेले असतात. दात गेला, आजार गेला का? ते जंतू बाकीच्या दातांच्या कडेने तोंडातच असतात, घासण्याची सवय तीच असते, शरीरही तेच असते. त्याच वस्तीत आपण नवा पाहुणा आणून बसवितो आणि जुन्या घरमालकाला जे जमले नाही ते त्याने करून दाखवावे अशी अपेक्षा धरतो. २०१७ साली जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून पुरावा तपासला तेव्हा इम्प्लांटभोवतीच्या आजाराला कारणीभूत ठरणाऱ्या ज्या गोष्टींचा पुरावा भक्कम मानला गेला त्या अशा: पूर्वी झालेला हिरडीचा तीव्र आजार, नीट न होणारी स्वच्छता आणि नियमित तपासणीचा अभाव. मामांच्या बाबतीत तिन्ही जुळून आल्या होत्या.

मधुमेह आणि धूम्रपान ह्यांविषयी त्याच तज्ज्ञांनी सावध शब्द वापरले. हाड झिजविणाऱ्या ह्या विशिष्ट आजाराशी त्यांचा संबंध पुरता सिद्ध झाला आहे असे त्यांनी म्हटले नाही. ह्याचा अर्थ ती निरुपद्रवी आहेत असा कोणी घेऊ नये. साखर सतत चढी राहिली म्हणजे बारीक रक्तवाहिन्या बिघडतात, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंद होतात आणि जखम भरण्यास वेळ लागतो. आणि इम्प्लांट म्हणजे प्रथम एक जखमच असते. हिरडीचा आजार तर मधुमेहींना अधिक होतोच. उलट, साखर ताब्यात असलेल्या मधुमेह्यांना इम्प्लांट चांगले लाभतात, हेही डॉक्टर आवर्जून सांगतात. गोव्यातील श्रोत्यांनी तर येथे कान टवकारावेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण देशात शेकडा ११.४, तर गोव्यात शेकडा २६.४ आढळले, साऱ्या राज्यांत ते सर्वांत अधिक होते.

मामांना मधुमेह होता आणि तो ‘ताब्यात’ असल्याचे ते सांगत. त्यांची रीत मला ठाऊक आहे. तपासणीच्या आधी तीन दिवस भात बंद, गोड बंद, संध्याकाळी लांबवर फेरफटका. उपाशीपोटीचा आकडा उत्तम येई. परीक्षेच्या आदल्या रात्री पाठ करणारी मुले मी रोज पाहतो, त्यामुळे हे मला चटकन ओळखू आले. परंतु रक्ताची एक अशी तपासणी आहे की जी मागच्या दोनतीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते. तेथे आदल्या रात्रीचे पाठांतर चालत नाही. इम्प्लांटपूर्वी डॉक्टरांनी ही तपासणी सांगितली तर खर्च वाढविला म्हणून कुरकुर करू नये. सांगितली नाही तर आपण होऊन विचारावे.

तंबाखूचे म्हणाल तर सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये इम्प्लांट निकामी होण्याचे प्रमाण न ओढणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट आढळते. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात आणि हिरडीतून रक्त येण्याची जी एकमेव सूचना मिळावयाची तीही दबून जाते. आपल्याकडे मात्र सिगारेटपेक्षा मशेरीची गोष्ट करावयास हवी. कोकणात, घाटावर, बेळगावच्या बाजूस कितीतरी घरांतल्या वडीलधाऱ्या बायका सकाळी उठल्याबरोबर मशेरी लावतात आणि दात स्वच्छ केल्याचे समाधान मानतात. मशेरी म्हणजे भाजून पूड केलेली तंबाखूच. ती स्वच्छता नव्हे, व्यसन आहे; आणि ज्या हिरडीला जपावयाचे तिच्यावरच ते रोज चोळले जाते. माझी आजी ती लावीत असे, म्हणून मी हे बोलताना कोणा परक्याला नावे ठेवीत नाही. सुपारी आणि गुटख्याचे आणखी एक आहे. त्याने गालाच्या आतली त्वचा ताठर होऊन तोंड उघडेनासे होते. ज्या तोंडात दोन बोटे जात नाहीत तेथे डॉक्टरांचे हत्यार मागच्या दाढेपर्यंत जावयाचे कसे, आणि ब्रश तरी कसा पोहोचावयाचा?

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते म्हणून सांगतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून उतारवयात, विशेषतः स्त्रियांना, आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या गोळ्या किंवा वर्षा-सहा महिन्यांनी घ्यावयाची इंजेक्शने देतात. कर्करोग हाडांत पसरला असता अशीच औषधे मोठ्या मात्रेत देतात. ह्या औषधांवर असताना जबड्यावर शस्त्रक्रिया झाली तर क्वचित, आणि कर्करोगाच्या मोठ्या मात्रेत अधिक वेळा, जबड्याचे हाड भरून न येता उघडे पडून मरते. गळ्या-जबड्यावर किरणोपचार झालेल्यांनाही असा धोका असतो. आमच्या शेजारच्या एका बाईंना दंतवैद्याने चालू औषधे विचारली तेव्हा त्यांनी रक्तदाबाची गोळी सांगितली आणि ही साप्ताहिक गोळी सांगितलीच नाही. “दाताच्या डॉक्टरला कमरेच्या हाडाचे काय सांगायचे?” असे त्यांचे म्हणणे! डॉक्टरांकडे जाताना घरातल्या साऱ्या औषधांची पिशवी बरोबर न्यावी. मात्र हाडांची असो की रक्त पातळ ठेवण्याची, कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तो निर्णय दोन्ही डॉक्टरांनी आपसात बोलून घ्यावयाचा असतो.

सारा दोष रुग्णाच्या माथी मारणेही न्यायाचे नाही. टोपी चिकटविताना वापरलेले सिमेंट हिरडीखाली राहून गेले तर तेथे कायमचा कचरा साचतो. कधी टोपीचा आकार असा फुगीर असतो की तिच्या कडेला ब्रश जाऊच शकत नाही. स्वीडनमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आजारी इम्प्लांट बहुतांशी तेथेच आढळले, जेथे रुग्णाचा ब्रश पोहोचू शकत नव्हता. म्हणून टोपी बसविल्याच्या दिवशी खुर्चीतून उठण्यापूर्वीच विचारावे: “डॉक्टर, ह्याच्या खालून आणि बाजूने मी सफाई कशी करू ते आरशात दाखवा.” त्याच दिवशी काढलेला क्ष-किरण फोटो आणि स्क्रूची जात व माप सांगणारी चिठ्ठी मागून घ्यावी. पुढे हाड किती खाली गेले हे ठरविताना तुलनेला तोच पहिला फोटो लागतो, आणि डॉक्टर बदलले वा आपण गाव बदलले तर स्क्रू कोणता हे त्या चिठ्ठीवाचून कळत नाही.

रोजची सफाई फार अवघड नाही. मऊ ब्रश दोन वेळा, हिरडीच्या कडेला टेकवून, हलक्या हाताने. रात्रीची वेळ तर मुळीच चुकवू नये. फटींसाठी बाटली धुण्याच्या ब्रशाचे लहान बाळ शोभावे असा बारीक ब्रश मिळतो, तो डॉक्टरांकडून योग्य मापाचा घ्यावा. राखुंडी, कोळशाची पूड, विटकरीची भुकटी ह्यांना रजा द्यावी, कारण ओरखडे पडलेल्या पृष्ठभागावर लेप अधिक चिकटतो. आणि रक्त दिसले की घासणे थांबवावयाचे नाही, डॉक्टरांकडे जावयाचे. पुष्कळ लोक ह्याच्या नेमके उलट करतात.

मामांच्या गळून पडलेल्या दाढेच्या जागी लगेच दुसरी बसवावी असा घरातल्यांचा आग्रह होता. डॉक्टरांनी नकार दिला. आधी साखर आणि हिरड्या ताब्यात आणा, सहा महिने नेमाने या, मग पाहू, असे ते म्हणाले. निकामी झालेल्या जागी बसविलेला दुसरा इम्प्लांट पहिल्याइतका भरवशाचा नसतो, हेही त्यांनी लपविले नाही. तपासताना शेजारच्या दुसऱ्या दाढेखालचेही हाड झिजू लागल्याचे दिसले. ती साफ केली आहे. अजून तरी ती हललेली नाही.

गेल्या खेपेस मी मडगावला गेलो तेव्हा रात्री जेवणानंतर मामा आरशासमोर चष्मा लावून, तो इवलासा ब्रश दाढेच्या फटीत घालण्याची खटपट करीत उभे होते. “ह्यापेक्षा सुईत दोरा ओवणे सोपे रे,” असे पुटपुटणे चालू होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात, गॅसचे सिलिंडर लावल्याच्या तारखेशेजारी, पुढच्या तपासणीची तारीख त्यांनी लाल शाईने लिहून ठेविली होती.